तिवरांतली सोमवती

अडाजणला नदीकाठी पोंकाची दुकानं लागली की घरातले सगळे खूश होतात आणि माझे तळपाय गार पडतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच. सुरतेत तो दाणा दाणा मोकळा करून लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात, एवढाच फरक. कोवळ्या ज्वारीचा भाजका वास पुलावर चढून येतो, स्कूटरवाले आपोआप हळू होतात, आणि त्या वासाच्या मागून मला दुसरा एक वास येतो, जो तिथं नसतोच. खारट, कुजका, नासक्या अंड्यांचा. माझी मुलगी म्हणते, आई, नाल्याचा असेल. असेल बाई. पण नाल्याच्या वासानं कुणाला पाय पोटाशी घेऊन बसावंसं वाटत नाही. मला वाटतं.

मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पालीला भिते, लिफ्टला भिते, गॅसचं सिलिंडर बदलताना शेजारणीला बोलावते. खालच्या मजल्यावरचं केसाळ कुत्रं बांधलेलं आहे की नाही हे बघितल्याशिवाय जिना उतरत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणायचे. उधन्याला आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच लूमचं खातं होतं, यंत्रमागांचा कारखाना. यंत्रांची खडखड चोवीस तास चालायची आणि आम्ही त्यात गाढ झोपायचो. वीज गेली आणि सगळे लूम एकदम थांबले की मात्र मी दचकून उठून बसायची. आवाज थांबणं म्हणजे काहीतरी वाईट होणार, असं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. सगळे हसायचे. आता मुलगी हसते.

पोंक आला की मला तो हिवाळा आठवतो. प्लेगच्या आदल्या वर्षीचा. मी सातवीत होते. कार्तिक संपत आला होता, पहाटे नळाचं पाणी झोंबायला लागलं होतं, आणि आमच्या त्या एका खोलीत फुई राहायला आली होती.

फुई म्हणजे आत्या. खानदेशात आम्ही फुई म्हणतो, गुजरातीत फोई, त्यामुळे सुरतेत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आप्पांची ही मोठी बहीण अमळनेरकडची, तापीच्या काठच्या गावात दिलेली. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्या पावसाळ्यात तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. तिथं एकटी राहून काय करशील, असं म्हणत आप्पा तिला घेऊन आले. ती आली, कोपऱ्यात बोचकं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीनच भीती राहायला आली. कारण फुईला कशाचीच भीती वाटेना.

उधन्याच्या मोठ्या रस्त्यावर ट्रक येतोय हे दिसत असूनही ती पाऊल टाकायची. ड्रायव्हर हिंदीत शिव्या घालत निघून जायचा, आणि ही तशीच पलीकडे पोचून माझी वाट बघत उभी. गच्चीला कठडा नव्हता. ती कडेला बसून, पाय खाली सोडून, तांदूळ निवडायची. तवा हातानं उचलायची. बोटाला फोड आला तर त्याच्याकडे दुसऱ्याचंच बोट असल्यासारखं बघायची. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. रडत मात्र नव्हती. रडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

एका संध्याकाळी आप्पा आईला हळू आवाजात सांगत होते ते मी ऐकलं. "तिच्यावर ध्यान ठेव. तिले आते कसानंच भेव नही." कशाचीच भीती नाही, हे कौतुकाचं वाक्य असतं असं मी तोवर समजत होते. आप्पांच्या तोंडून ते तसं वाटलं नाही. मग त्यांनी मला बोलावून सांगितलं की शाळेतून आल्यावर फुईच्या बरोबर राहायचं, ती जाईल तिथं जायचं. म्हणजे घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला राखणीला बसवलं. आप्पांना तेव्हा हसू कसं आलं नाही, कोण जाणे.

फुईनं साऱ्या मुक्कामात एकच गोष्ट मागितली. तापी जिथं समुद्राला मिळते तिथं सोमवतीची अंघोळ. सोमवारी येणारी अमावास्या म्हणजे आमच्याकडे मोठं पर्व, बाया भल्या पहाटे तापीवर जातात. गावाकडे असती तर ती घाटावर गेली असती. पण मामांची राख तिनं त्याच घाटावरून तापीत सोडली होती, आणि ती वाहत खाली गेलेली तिनं पाहिली होती. त्यांना जिथं न्यायचं तिथं तापीमायनं नेलं, आता ती जागा मला बघायची आहे, असं ती म्हणाली. आई आप्पांकडे बघायला लागली. नाही म्हणावं तरी पंचाईत, हो म्हणावं तरी पंचाईत.

आप्पा हो म्हणाले. त्यांच्या खात्यात ठाकोरभाई नावाचा एक जण होता, तापीच्या मुखाकडच्या एका गावचा. सोमवारी खात्याला रजा असायची, म्हणून रविवारी दुपारी निघायचं, त्याच्याकडे मुक्काम करायचा आणि सोमवारी स्नान करून परतायचं असं ठरलं. मला तर सहलच वाटली. आईनं बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. फुईचं बोचकं तसंच बरोबर आलं. ते बोचकं ज्या कापडात बांधलेलं होतं, ती आप्पांच्या लूमवरची झेंडूच्या रंगाची पॉलिस्टरची साडी होती. आप्पांनी मोठ्या प्रेमानं आणली होती, घरातल्या घरात तरी नेस म्हणून. फुईनं ती बोटांत चोळून बघितली, हे प्लास्टिक नेसू का म्हणाली, आणि तिच्यात आपली दोन सुती लुगडी बांधून टाकली.

तिथं पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ठाकोरभाई आम्हाला चहा पाजून गावाबाहेर घेऊन गेला. आपण ज्याला तिवर म्हणतो त्याला तिकडे चेर म्हणतात. मी जंगल म्हणजे उंच झाडं समजत होते. हे जंगल आप्पांच्या डोक्याच्या जरा वर, पण दिसेल तिथवर, एकसारखं, मिटलेल्या तोंडाचं. पाणी ओसरत होतं. झाडांच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढी मुळं वर आलेली, हजारो, सगळी उभी. ठाकोरभाई म्हणाला, झाडं त्यातून श्वास घेतात. मग तर मला तिथं पायच ठेववेना. जमिनीखालून कुणीतरी नाकं वर काढून ठेवली आहेत आणि आपण त्यांच्यातून चाललोय.

आणि तो चिखल जिवंत होता. आधी काही दिसत नव्हतं, नजर ठरली तशी सगळी जमीन हलायला लागली. बोटभर लांबीचे मासे चिखलावर उड्या मारत होते, त्यांचे डोळे डोक्यावर बाहेर आलेले. निवट्या म्हणतात त्यांना. मासा पाण्याबाहेर मरतो हे मी विज्ञानाच्या पुस्तकात शिकले होते, आणि हे तर मुळांवर चढून बसले होते, खुशाल. लाल-पांढरे खेकडे, एक नांगी इवलीशी, दुसरी त्याच्या अंगाएवढी. ती मोठी नांगी वर-खाली, वर-खाली. माझ्याकडे बघूनच बोलावताहेत असं वाटलं. दूर नदीच्या चकचकीत पट्ट्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ उभी होती. निळा खंड्या एकदम सूर मारून गेला तेव्हा मी ओरडले. फुई हसली नाही, पण तिनं माझ्याकडे पाहिलं. अंधारू लागलं तसं आतून कोल्हे ओरडायला लागले. भरती-ओहोटीच्या रेतीवर त्यांच्या पावलांचे ठसे होते. मी आईच्या पदराला धरूनच परत आले.

त्या संध्याकाळी आम्ही पाहिलेली तापी समुद्राकडे चालली होती. गावाकडे असते तशीच, खाली खाली जाणारी. आम्हाला वाटलं, पाहिली नदी. ठाकोरभाईनं जाता जाता एवढंच सांगितलं की उद्या अमास आहे, वेळेत जाऊन या. त्यांच्या गावात अमावास्येला पाणी किती चढतं हे पोराटोरांना ठाऊक. त्याला वाटलं असेल, वेगळं काय सांगायचं. आणि आम्ही विचारलं नाही. तापीकाठची माणसं आम्ही. आपल्या आईच्या स्वभावाची चौकशी कुणी परक्याकडे करतं का?

सोमवती म्हटली की स्नान होईपर्यंत मौन. फुईनं उठल्यापासून तोंड मिटलं ते मिटलंच. आई घरीच अंघोळ करून गावातल्या पिंपळाला एकशेआठ प्रदक्षिणा घालायला लागली, प्रत्येक फेरीला एक शेंगदाणा पारावर. नवऱ्याच्या आयुष्यासाठीच्या प्रदक्षिणा. फुई जरा लांब, विहिरीच्या कट्ट्यावर बसून बघत होती. मागच्या सोमवतीला तिनंही घातल्या होत्या. मला राहवेना, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आई मध्येच विसरली, पुन्हा मोजलं, पुन्हा विसरली. ठाकोरभाई शेताच्या कामाला निघून गेला. ऊन चढलं. आप्पा दोनदा म्हणाले की उशीर होतोय, पण प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडायची म्हणजे काय, ती तर आप्पांच्याच आयुष्यासाठी होती.

तिवरांपाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाणी कुठंच नव्हतं. जिथवर बघावं तिथवर चिखल आणि पार लांब एक चांदीची रेघ. आप्पा म्हणाले, चला, तापी तिथं आहे. वाटेत खाडीचा एक फाटा लागला, घोट्याएवढं पाणी. आम्ही वहाणा हातात घेऊन पलीकडे गेलो. पलीकडे जमीन जरा उंच होती, तिथं जुनी, जाड बुंध्याची तिवरं होती. त्यांच्या सावलीत आईनं पूजेचं ताट ठेवलं आणि आप्पा काडेपेटी शोधायला लागले. फुई थांबली नाही. ती बोचकं हातात घेऊन सरळ रेघेकडे चालू लागली. मला सांगितलेलं होतं, ती जाईल तिथं जायचं. मी गेले.

तिवरांतून जाताना सगळीकडून एक बारीक आवाज येत होता, टक् टक्, चिखलातले बुडबुडे फुटत असतात तो. खेकडे नांग्या हलवत होते. फुई पुढं, मी मागं, मुळांवर पाय पडू नये म्हणून खाली बघत. एकदा तर दोरी म्हणून ओलांडायला गेले ती दोरी सरकली. चपट्या शेपटीचा साप होता. फुईला हाक मारली, ती थांबली, सापाकडे बघितलं, आणि पुन्हा चालायला लागली. बोलणार कशी, मौन होतं.

मग तो आवाज थांबला. लूम थांबतात तसा, एकदम. मी मान वर केली. समोरचे सगळे खेकडे बिळात शिरत होते आणि आतून चिखलाची टोपणं लावून घेत होते. निवट्या झाडांवर चढत होत्या. लांबची गुलाबी ओळ उठली, हवेत वळली आणि आमच्या डोक्यावरून जमिनीकडे गेली. मला काहीही कळलं नव्हतं. फक्त एवढं कळलं की इथं ज्यांना कळतं ते सगळे पळताहेत.

फुई शेवटच्या झाडाच्या पुढं गेली होती. तिथं मुळं नव्हती, चिखल गुळगुळीत होता, तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारखा. बघता बघता ती गुडघ्यापर्यंत खाली गेली. मला वाटलं बसतेय. मग मांडीपर्यंत. तिनं हात वर केले नाहीत, मागं वळून पाहिलं नाही, हाक मारली नाही. स्नान झालं नव्हतं ना! आजही मला हे कुणाला सांगताना चीड येते, हसू येतं आणि अंगावर काटा येतो, तिन्ही एकदम. बाई चिखलात चाललीय आणि तोंडातून शब्द काढत नाही, कारण सोमवती.

मी ओरडायला हवं होतं. आप्पा हाकेच्या अंतरावर होते. पण माझी दातखिळी बसली. एक मौन धरलेली बाई आणि एक वाचा गेलेली पोर, आणि भोवती ते अख्खं जंगल गप्प. मी शेवटच्या झाडाला डावा हात घट्ट गुंडाळला, पोटावर आडवी झाले आणि उजवा हात लांब केला. तिच्या बोचक्याची गाठ हाताला लागली, मग मनगट. मी धरलं.

तेव्हा पाणी आलं. लाटेसारखं नाही. चिखलावरून फेसाची एक पातळ किनार सरकत आली, सळसळ असा आवाज करत, समुद्राच्या बाजूनं. माझ्या कोपराखालून गेली आणि मागं तिवरांत शिरली. गार. तिच्या मागून दुसरी. फुईच्या कमरेला पाणी लागलं. तिनं तेव्हा कुठं वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशीचा पहिला शब्द बोलली.

"सोडी दे, माय. तू जाय."

सोडून दे म्हणाली. आवाजात कसलाही त्रागा नव्हता, भाजी नको म्हणावं तसं म्हणाली. मी सोडलं नाही. नंतर आमच्या सगळ्या नातेवाइकांत झालं की केवढी धीराची पोर, केवढी हिंमत! डोंबलाची हिंमत. माझी बोटं आखडली होती. सोडायचं ठरवलं असतं तरी सुटली नसती. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतर बाळंतपणातही नाही. मी तिच्याकडे नुसती बघत होते, तोंड उघडं, त्यातून आवाज नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मग तिचा चेहरा बदलला. काय झालं ते मला तेव्हा समजलं नाही. तिनं दुसरा हात वर केला, माझं मनगट पकडलं, आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात आप्पांना हाक मारली.

आप्पा धावत आले, मागून आई. आप्पांनी आधी तिचा हात ओढला तर तेच रुतायला लागले. मग त्यांनी बोचकं सोडलं, लुगडी पाण्यात गेली, आणि ती झेंडूची साडी पिळून तिचा दोर केला. एक टोक झाडाला, एक फुईच्या काखेतून. लूमवर तुटलेला धागा सांधणारी बोटं, गाठ बसायला वेळ लागला नाही. आई आणि आप्पा ओढत होते, मी अजून मनगट धरून होते. पाणी वाढलं तसा चिखल सैल पडला, आणि फुई एकदाची मोकळी झाली, एका बाजूवर, चिखलानं माखलेली. ती साडी एका धाग्यानंही फाटली नव्हती.

जीव भांड्यात पडला म्हणावं तर कसला. परत उंचवट्यावर आलो तेव्हा येताना घोट्याएवढा असलेला फाटा नदी झाला होता. तपकिरी, वेगानं वाहणारा, आणि उलटा. समुद्राकडून गावाकडे. आप्पा त्या पाण्याकडे बघतच राहिले. जन्मात त्यांनी तापी अशी पाहिली नव्हती. आईचं पूजेचं ताट तरंगत निघून गेलं, त्यातली फुलंही उलट्या दिशेनं. शेवटी आम्ही चौघं त्या जाड तिवरांच्या फांद्यांवर चढलो. आप्पांनी साडी सगळ्यात वरच्या फांदीला बांधली, कुणाला दिसली तर दिसली म्हणून.

तिथं बसलो ती दुपार माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. खाली पाणी चढत होतं, पायांना लागत होतं, मग पोटऱ्यांना. आमच्याच फांदीवर निवट्या, गोगलगायी, लाल मुंग्या. सगळ्यांना तीच फांदी हवी होती. शेजारच्या झाडावर एक बगळा मान आखडून बसला होता आणि आमच्याकडे मुळीच बघत नव्हता. बुंध्याला गुंडाळलेलं काहीतरी हललं, मी डोळे मिटून घेतले, म्हटलं साप असेल तर असू दे, मला बघायचा नाही. आई नाव घेईल त्या देवाला नवस बोलत होती. ओरडून ओरडून आप्पांचा घसा बसला होता. फुईनं माझं मनगट सोडलं नव्हतं. पाणी तिच्या कमरेवर आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तापी मांगे येस."

तापी मागं येते. सगळं घेऊन जाणारी तापी परतही येते, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. गावच्या घाटावर नदी एकाच दिशेला जाते. तिनं ओंजळ भरली, डोक्यावर घेतली. तिची सोमवतीची अंघोळ अशी, झाडावर बसून झाली. मग ती रडायला लागली. मोठ्यानं, हुंदके देत, लहान मुलासारखी. आईनं नवस बोलणं थांबवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

ठाकोरभाईचा भाऊ होडी घेऊन आला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. गावातून कुणाला तरी चेरांच्या वर केशरी काहीतरी फडफडताना दिसलं होतं. किनाऱ्याला लागल्यावर तो आप्पांना एवढंच म्हणाला, "अमासे आवुं न कराय." अमावास्येला असं करू नये. आप्पांनी मान खाली घातली. माझी बोटं फुईच्या मनगटावरून आईनं एकेक करून सोडवली. तिथं वळ उठले होते.

उधन्याला परत आल्यावर फुई माझ्याशी बोलेनाशी झाली. माझ्याकडे बघायची, काही बोलणार असं वाटायचं, आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागायची. मला वाटलं रागावली. सोड म्हणाली होती, मी सोडलं नव्हतं. ते सारे दिवस मी तिच्या मागं मागं फिरत होते आणि तिला काही विचारायची हिंमत नव्हती. तिला जगायचं होतं की नव्हतं, आणि मी तिला ओढून आणलं ते तिला आवडलं की नाही, हे माझ्या डोक्यात रात्रंदिवस. सातवीतल्या पोरीनं विचार करावा असा हा विचार नव्हे. पण कुणाला सांगणार.

संक्रांत झाल्यावर ती म्हणाली, मी गावी जाते. तिचं घर आहे, शेत आहे, बघायला हवं. आई-आप्पा थबकले, पण तिनंच ठरवलं होतं. उधना स्टेशनवर भुसावळकडे जाणारी पॅसेंजर उभी होती. आप्पा जागा धरायला डब्यात चढले. फुईच्या हातात बोचकं होतं, तेच केशरी, धुऊनही चिखलाचे डाग न गेलेलं. ती खाली वाकली आणि विचारलं, मी सोड म्हटलं तर तू सोडलं का नाहीस? मी रडायच्या बेतात होते. म्हटलं, मला भीती वाटत होती.

"मालेबी," ती म्हणाली. "तुनं तोंड देखं न् माले भेव वाटनं. तुना मामा गयात तवपासून वाटनंच नव्हतं."

मलाही वाटली. तुझं तोंड पाहिलं आणि वाटली. तुझे मामा गेल्यापासून वाटलीच नव्हती. एवढंच बोलली आणि डब्यात चढली, आप्पा खाली उतरले. गाडी हलली तशी मी खिडकीबरोबर दोन पावलं धावले असेन, तर आतून ती ओरडली, "मांगे व्हय, पोरी, गाडी शे!" उधन्याच्या ट्रकसमोर चालत जाणारी फुई ती. आप्पा प्लॅटफॉर्मवर उभे राहून हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले.

पुढच्या वर्षी सुरतेत प्लेग आला, आणि अर्धं शहर मिळेल त्या गाडीनं पळालं तसे आम्हीही पळालो. अमळनेरला उतरलो तेव्हा फुई स्टेशनवर बसलेली होती. आम्ही येतोय हे तिला कुणी कळवलेलं नव्हतं. आदल्या दिवसापासून येणारी प्रत्येक गाडी ती बघत होती, असं तिथल्या चहावाल्यानं सांगितलं. तिनं आधी माझं कपाळ चाचपलं, मग आईचं, मग आप्पांचं, आणि मग पुन्हा माझं.

नंतर दर हिवाळ्यात पोंकाच्या दिवसांत ती सुरतेला यायची. पुलावरून जाताना मध्येच थांबायची, भरतीचं पाणी वर चढताना बघायची, आणि तेवढा वेळ माझं मनगट धरून ठेवायची. मी मोठी झाले, नोकरीला लागले, आई झाले, तरी धरायची. रस्ता नीट ओलांड, लिफ्टमध्ये एकटी जाऊ नकोस, गॅस बंद केलास का, पोरीला पाण्याजवळ नेऊ नकोस. माझी मुलगी म्हणायची, आई, तू फुईआजीवर गेली आहेस. फुई त्यानंतर बरीच वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत भीत राहिली.